पाव मोआ

मोआ हा पक्षी जगातून गेला त्याला पाच-सहाशे वर्षं झाली, पण आमच्या मॅनिओटोटोच्या मेंढपाळी मुलखात त्याचा धाक अजून आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीला दोन चकत्या असतात. एक फिरवली की निशाण वर-खाली सरकतं, दुसरी फिरवली की डावं-उजवं. चकतीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एक टिक म्हणजे पाव मोआ. आता मोआ मान ताठ करून उभा राहिला तर लोकर कातरायच्या शेडच्या वळचणीला त्याचं डोकं लागेल. त्याचा पाव म्हणजे माणसाच्या कमरेएवढा. चकती एक टिक हलली की गोळी कंबरभर बाजूला. म्हणून शहाणी माणसं चकतीला हात लावत नाहीत.

हे मला मर्डोकाकांनी मी लहान असताना सांगितलं आणि मला ते पटलं. पुढे मी डनीडनला विद्यापीठात जाऊन अर्धा भूगोल शिकलो, परत आलो, तरी ते पटलेलंच राहिलं. विद्यापीठात हा विषय निघाला नाही.

मर्डोकाका आमचे शेजारी. सत्तरी उलटली, पण सशावरचा नेम चुकलेला कुणी पाहिलेला नव्हता. त्यांच्या दुर्बिणीतून गोळी जरा डावीकडे आणि खाली जायची. ती सरळ करायची तर चकती फिरवावी लागली असती, आणि कंबरभर गोळी हलवून कानभर चूक कोण सुधारणार? त्यापेक्षा त्यांनी स्वतःला वाकडं करून घेतलं. "एक कान उजवीकडे, अर्धं डोकं वर," असं पुटपुटायचे आणि चाप ओढायचे. ससा आडवा. सशाच्याच मापाने सशाला मारायचा, हिशेब सोपा.

मी गेल्या वसंतात परत आलो तो एफी आत्याच्या शेतावर. आमच्या दक्षिण गोलार्धात वसंत ईस्टरच्या सहा महिने आधी येतो. आत्याने चार दिवस मला पोटभर खाऊ घातलं आणि पाचव्या दिवशी खालच्या रानात नेऊन उभं केलं.

"इनिस, यात लसूणघास पेर. ईस्टरला मी इथे येऊन उभी राहीन. माझ्या गमबुटाचा घोटा झाकला, तर हे रान तुझं, राहा इथे. नाही झाकला, तर स्ट्रुअनला मेंढ्या चारायला देते आणि तू जाऊन भूगोल पूर्ण कर."

"भूगोल कधी पूर्ण होत नसतो, आत्या."

"मग अर्धाच ठेव. पण तिकडे जाऊन ठेव."

स्ट्रुअनचं रान कुंपणापलीकडे. हे खालचं रान मिळावं म्हणून तो दोन वर्षं आत्याच्या मागे होता. यायचा, चहा प्यायचा, माझ्याकडे बघून "पोरगा बारीक झालाय" म्हणायचा आणि जायचा. मी बारीक झालो नव्हतो. लसूणघास झाला होता.

तो उगवला छान. मग ससे आले. संध्याकाळ कलली की टेकडीच्या अंगाने असे उतरायचे, जणू कुणी जेवणाची घंटा वाजवलीय. मी आजोबांची छोटी, पॉइंट टू-टू रायफल काढली. तिला दुर्बीण नव्हती, नेम धरायला नळीवर नुसतं टोक. माझ्या चष्म्याच्या काचा बशीएवढ्या जाड. चष्मा लावला तर ससा दिसायचा, टोक दिसायचं नाही. काढला तर टोक दिसायचं, ससा दिसायचा नाही. दोन्ही एकदम दिसले ते एकदाच, आणि तेव्हा तो ससा नव्हता, दगड होता. दगडाला गोळी बरोबर लागली.

तेव्हा दुर्बीण घ्यायची ठरलं. आत्याने दुर्बिणीसाठी किती पैसे देणार तो आकडा सांगितला. तो ऐकून मी हसलो, पण ती हसली नाही, म्हणजे तो आकडाच होता.

मग मला चैन पडेना. मी फोनवर दुर्बिणी बघत सुटलो. मेंढ्यांना पाणी दाखवताना बघायचो, चुलीपाशी बघायचो, गाई रस्ता ओलांडत असल्या की पिकअपमध्ये बसून बघायचो. एक चोवीस पट मोठं दाखवायची, तिच्यात लाल दिवा आणि हिरवा दिवा. एक इतकी लांब होती की रायफल तिला जोडल्यासारखी वाटली असती. लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, "अजून वापरली नाही." दुसऱ्याने एक तारा दिला होता, "बायकोला रंग आवडला नाही." मी टोपलीत टाकायचो, काढायचो, परत टाकायचो. प्रत्येकीवर पाव मोआ होताच.

"तुझ्या पायाला मोटार बसवलीय का?" आत्या म्हणायची. "सगळ्या टेबलावर चहा सांडतोय."

"विचार करतोय."

"तो डोक्याने करतात. पाय बंद कर."

शेवटी अलेक्झांड्रा गावाला गेलो, शिकारीच्या सामानाच्या दुकानात. काउंटरमागे माझ्याच वयाची मुलगी होती, शर्टावर नाव शिवलेलं, मेरेआना. मी गर्दी कमी व्हायची वाट बघितली. गर्दी म्हणजे एक म्हातारा होता, तो मासे धरायचे गळ बघत होता. तो गेला.

"मोआपेक्षा लहान पक्ष्यातली दुर्बीण आहे का?" मी हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"पाव मोआ मला फार होतो. लहान रानात मारायचंय. किवीतली वगैरे असली तर."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा अजिबात हलला नाही.

"किवीतली संपली," ती म्हणाली. "वेकातली येईल पुढच्या महिन्यात. पण वेका चोरटा पक्षी. सामान उचलून पळतो."

"चालेल. मी लक्ष ठेवीन."

"नाव लिहून ठेवू?"

"ठेव. इनिस."

तिने खरंच पेन घेतलं, नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, त्यापुढे कंसात 'वेका' लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि काउंटरवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. मी गळ बघत उभा राहिलो.

"मोआ म्हणजे पक्षी नाही," वर बघून डोळे पुसत ती म्हणाली. "तीन इंग्रजी अक्षरं आहेत, एम, ओ, ए. कोनाचं माप. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक."

"मग पक्षी?"

"पक्षी मेला."

तिने करंगळी पुढे केली. शंभर मीटरवर एक टिक म्हणजे या नखापेक्षा कमी, म्हणाली, आणि तू पन्नासवर मारणार, तर त्याच्याही निम्मं. मी त्या नखाकडे बघत राहिलो. नखावर हिरवा रंग होता. आमच्या भागातली अख्खी पिढी या नखाला घाबरून जगली होती.

मग तिने मला चोवीस पटवाली हातात दिली आणि दुकानाच्या दारातून समोरची बेकरी बघायला लावली. मला एक पाव दिसला. फक्त एक पाव, प्रचंड. बेकरी कुठेच नव्हती.

"ससा पण असाच दिसेल," ती म्हणाली. "मिशा मोजशील, पण ससा सापडायचा नाही. तुला चार पट पुष्कळ. आणि छोट्या रायफलीसाठी बनवलेलीच घे. मोठ्या रायफलीची घेतलीस तर जवळचं बघताना डोकं जरा हललं की आतली नेमाची फुली सशावरून घसरते."

तशी एक तिच्याकडे होती. साधी, काळी, दिवेबिवे नसलेली. मी किंमत बघितली आणि आत्याचा चेहरा आठवला. दुर्बीण खाली ठेवली.

"मग कुणाची जुनी बघ," मेरेआना म्हणाली. "काच स्वच्छ असली की झालं. आणि चकती फिरव. काही होत नाही."

जुनी दुर्बीण मला घरापासून हाकेच्या अंतरावर मिळाली. मर्डोकाकांच्या मुलीने त्यांना इन्व्हरकार्गिलहून नवी पाठवली होती, दिव्याची. ती बसवली नाही तर मुलगी रुसली असती, आणि जुनी फेकायची तर काका रुसले असते.

"तू घे," ते म्हणाले. "चार पट आहे, पॉइंट टू-टूचीच आहे. जरा वाकडं बघते, पण स्वभावाने चांगली आहे."

"काय द्यायचं?"

"एफीने केलेले चीज रोल. ताटभर. लोणी दोन्ही बाजूंनी."

दोन्ही चकत्यांवर त्यांनी हिरवी टेप गुंडाळली होती. टेप इतकी जुनी की चकतीचाच भाग झाली होती. काकांनी तिच्यावर अंगठा ठेवला.

"पोरा, हे काढायचं नाही. मी बायकोला पण हात लावू दिला नाही."

"हो, काका."

घरी येऊन मी दुर्बीण रायफलीवर बसवली आणि टेप काढली. जन्मात इतकी भीती वाटली नव्हती. रायफल टेकडीच्या पोटाकडे रोखून ठेवली होती, दुधाचा खोका पन्नास मीटरवर, आणि मी चकतीला हात लावून डोळे मिटले. टिक. काहीच झालं नाही. लांब एक चंडोल ओरडत होता, तो ओरडतच राहिला. गोळी मारली, जेमतेम अर्धं नख सरकली. मग मी धीट झालो. आठ टिक उजवीकडे, बारा वर. गोळी खोक्यावरच्या गाईच्या डोळ्यात गेली. मी टेप परत गुंडाळली आणि वर थोडी माती चोळली, जुनी दिसावी म्हणून.

त्या संध्याकाळपासून ससे पडायला लागले. आत्याने रश्श्यात घातले, मग कणकेच्या आवरणात घातले, मग म्हणाली, जरा थांब, मला कोंबडी आठवायला लागलीय. सशांची घंटा वाजायची बंद झाली. पण लसूणघास काही वाढेना. संध्याकाळी मी स्वतः राखण केलेली, एकही ससा न शिवलेली पट्टी, आणि सकाळी बघावं तर वस्तऱ्याने केल्यासारखी. मी घासावर पालथा पडून बघितलं. लेंड्या होत्या. ससे तर मेले होते. मेलेले ससे खात नाहीत, इतपत मला माहीत होतं, पण मला माझ्या माहितीवर विश्वास उरला नव्हता. चकतीचा नसेल ना काही परिणाम, असं पण वाटून गेलं. आपण सरळ मारतोय असं वाटतं, पण भलतेच ससे मरत असतील. मी परत फोनवर दुर्बिणी बघायला लागलो. त्यात मर्डोकाका रोज फाटकाशी थांबायचे.

"कान उजवीकडे ठेवतोस ना?"

"ठेवतो, काका."

"डोकं?"

"अर्धं. वर."

ते समाधानाने जायचे, आणि माझा पाय सुरू व्हायचा.

ईस्टरच्या शनिवारी दुपार कलल्यावर आत्या खालच्या रानात आली. बरोबर मर्डोकाका, थर्मास, आणि किसमिसाचे गरम बन. आत्या घासात शिरली आणि उभी राहिली. आम्ही तिघांनी तिच्या पायाकडे बघितलं. गमबूट पुष्कळ दिसत होता.

"घोटा उघडा आहे," आत्या म्हणाली.

"जरा गुडघे वाकवलेस तर," मी म्हणालो.

"उद्या स्ट्रुअन येतोय उत्तर न्यायला." तिने कपात चहा ओतला, पण प्यायली नाही. तिलाही ते नको होतं, हे मला त्या न प्यायलेल्या चहावरून कळलं. "एक करू. मर्डो, तू बघ. तू म्हणालास की ससे आवरण्यासारखे आहेत, तर पोराला पुढच्या वसंतापर्यंत देते. तुझ्या शब्दावर."

काकांनी माझी रायफल मागितली. एक उशिरा आलेला ससा टेकडीच्या पायथ्याशी बसला होता, बहुतेक शेवटचाच. काका बांधावर आडवे झाले. जुन्या दुर्बिणीला गाल लावला, टेपवरून प्रेमाने बोट फिरवलं आणि पुटपुटले, "एक कान उजवीकडे, अर्धं डोकं वर."

मी तोंड उघडलं. चाप ओढला गेला.

सशाने वळून बघितलं. कुणी तरी आपल्याशी बोलतंय असं वाटल्यासारखं. मग परत खायला लागला.

काका उठून बसले, चष्मा काढला, पुसला, घातला.

"एफी," ते म्हणाले, "डोळे गेले माझे. मी आता शब्द कसला देऊ?"

आत्याने चहा घासावर ओतून टाकला. "मग झालं. उद्या स्ट्रुअनला हो सांगते." आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. तिने कधी कुणाच्या खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. माझं रान गेलं होतं आणि काकांचे डोळे गेले होते, आणि दुसरी गोष्ट खोटी होती. माझा पाय आपोआप थांबला.

"मी चकत्या फिरवल्या," मी म्हणालो.

काकांनी मान वळवली. "काय?"

"टेप काढून. आठ टिक उजवीकडे. बारा वर. दुर्बीण आता सरळ बघते, काका. तुम्ही वाकडे राहिलात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रायफलीच्या दस्त्याने मारतील. पण ते बोटांवर मोजत होते.

"दोन मोआ उजवीकडे," ते म्हणाले. "तीन वर."

"काका, मोआ म्हणजे पक्षी नाही. ते कोनाचं..."

"मोआ पक्षी नाही?" काका आत्याकडे वळले. "एफी, याला विद्यापीठात काय शिकवलं?"

"भूगोल," आत्या म्हणाली. "अर्धा."

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत." काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "नेम बरोबर होता. गोळीच दोन मोआ बाजूला गेली. आणि तीन वर. देवा, कुणाला लागली का बघायला हवं. मोआची मान ताठ धरायची की पुढे? आजकाल म्हणतात मान पुढे काढून चालायचा. मग माप थोडं कमी."

"ताठ धर," आत्या म्हणाली. "उगीच कमी नको."

गोळी सुटू नये म्हणून काकांनी रायफलीचा बोल्ट काढून खिशात टाकला आणि नुसत्या दुर्बिणीतून बघायला लागले. ससा जिथे बसला होता तिथून नजरेने निघाले. एक मोआ उजवीकडे. दोन मोआ. मग टेकडीच्या अंगाने वर, एक, दोन, तीन. मी मान खाली घालून बसलो होतो. तिथे स्ट्रुअनचं कुंपण होतं आणि जंगली गुलाबाचं दाट झुडूप. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मी ससे बघत होतो.

"कुंपणाला लोकर लागलीय," काका म्हणाले.

"सशाची?" आत्याने विचारलं.

"सशाला लोकर यायला लागली असेल, तर पेपरात द्यायला पाहिजे."

आत्याने त्यांच्या हातून रायफल घेतली, डोळा लावला. बराच वेळ बघत होती. मग बन तोंडात धरून चालायलाच लागली. आम्ही मागे.

झुडपामागे कुंपणाची जाळी खालून उचललेली होती आणि तारेने वर बांधून ठेवलेली. खालून गुळगुळीत वाट, मेंढी पोट घासत येईल अशी. वाटेवर लेंड्या, सशाच्या लेंड्यांच्या दुप्पट. मी इतके दिवस या लेंड्या मोठ्या सशांच्या समजत होतो. आत्याने तारेवरचा लोकरीचा पुंजका काढला, बोटांत चोळला. टोकाला निळा रंग होता. आमच्या मेंढ्यांवर लाल खूण असते. निळी स्ट्रुअनची.

"अंधार पडला की सोडतो," ती म्हणाली. "उजाडायच्या आत नेतो."

"बघ," मर्डोकाका माझ्याकडे वळून म्हणाले. "पक्षी नाही म्हणे."

तिथल्या लाकडी खांबाला एक भोक होतं. काकांनी त्यात बोट घातलं आणि बोटाभोवती बघत म्हणाले, हीच माझी गोळी. ते भोक जुन्या खिळ्याचं होतं, कडेला गंज होता. माझं रान त्या भोकापाशी मिळालं होतं, त्याच्याशी भांडणार कोण?

दुसऱ्या दिवशी स्ट्रुअन चहाला आला. आत्याने त्याला चीज रोल वाढले, लोणी एकाच बाजूने, आणि बशीत चमच्याशेजारी लोकरीचा पुंजका ठेवला.

"तुझं काही राहिलं होतं आमच्याकडे."

स्ट्रुअनने पुंजका बघितला. मग खिडकी बघितली.

"मेंढ्यांना कुंपण वाचता येत नाही, एफी."

"नाही. पण त्यांना तारेची गाठही मारता येत नाही."

तो रोल अर्धा टाकून गेला. जाताना मला बारीक झालाय म्हणाला नाही. आत्याने अर्धा रोल कुत्र्याला दिला आणि मला म्हणाली, "जाळी आज बंद कर. वसंतात मी परत उभी राहणार आहे. आणि तेव्हा हे गमबूट नसतील, उंच घेणार आहे."

मर्डोकाका संध्याकाळी आले, नवी दुर्बीण हातात घेऊन. ती बसवून द्यायची होती. वर दोन चकत्या, चकचकीत, टेप नसलेल्या. मी बसवली. दुधाचा खोका ठेवला, त्यांना मारायला लावलं. गोळी उजवीकडे गेली, थोडी वर. मी चकतीला हात लावला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "एक कान डावीकडे. अर्धं डोकं खाली. शिकीन मी."

मग खिशातून हिरव्या टेपची नवी गुंडाळी काढली आणि माझ्या हातात दिली, नीट घट्ट गुंडाळ म्हणून.

गुंडाळत असताना फोन वाजला. संदेश होता, नाव नसलेल्या नंबरवरून. "वेकातली आली. कधी येतोस?"

मी टेपचं टोक दाताने तोडलं आणि एका हाताने उत्तर लिहिलं. "जाळी बंद करून येतो. मी आता इथेच आहे."